कॉमन कोण?

पावसाळ्यात शिवाजी पार्कवर फुटबॉल उगवतो. क्रिकेटच्या खेळपट्ट्या ताडपत्रीखाली गेलेल्या असतात. एरवी जी लाल धूळ आजूबाजूच्या बिल्डिंगवाल्यांच्या नाकात दम आणते, तिचा घोट्यापर्यंत चिखल झालेला असतो. त्या चिखलात चपलांचे चार ढीग करायचे, दोन इकडे, दोन तिकडे, की झाले गोलपोस्ट. एका संध्याकाळी अशी अकरा पोरं होती. पार्ट्या पाडल्या, पाच-पाच झाले, एक उरला.

अशा वेळी काय करायचं हे मुंबईच्या पोराला शिकवावं लागत नाही. उरलेला ‘कॉमन’. क्रिकेट असेल तर तो दोन्हीकडून बॅटिंग करतो, फुटबॉल असेल तर पहिल्या हाफला इकडून, दुसऱ्या हाफला तिकडून. लिंबूटिंबूला मान नसतो, कॉमनला असतो. पण त्याच्यावर पुरता विश्वास कुणाचाच नसतो. त्याचा एक पास चुकला की दोन्ही पार्ट्यांतून एकच ओरड येते, ‘‘ए, तू नक्की कुणाकडून?’’

त्या दिवशीच्या कॉमनच्या अंगात पोर्तुगालची जर्सी होती. सात नंबर, पाठीवरचं नाव धुऊन धुऊन अर्धं गेलेलं. दादरकरांना पोर्तुगाल हा शब्द काही परका नाही. शिवाजी पार्कहून गोखले रोडने चालत गेलं तर पंधरा मिनिटांवर पोर्तुगीज चर्च आहे. मूळ देऊळ 1596 सालचं, आताची इमारत चार्ल्स कोरियांनी 1970च्या दशकात बांधलेली. बसचा कंडक्टर ‘पोर्तुगीज चर्च’ असं पुकारतो तेव्हा कुणाला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आठवत नाही. मला मात्र ती चिखलाने माखलेली जर्सी बघून नेव्हिल डिसूझा आठवला. कॉमनला विचारला जाणारा प्रश्न त्याला कुणी विचारला असता, तर उत्तर सोपं नव्हतं.

* * *

1 डिसेंबर 1956. मेलबर्न ऑलिंपिक, फुटबॉलची उपांत्यपूर्व फेरी, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. भारत 4, ऑस्ट्रेलिया 2. चारपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे, चौथा किट्टूचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच ठोकला, मग मात्र युगोस्लावांनी चार मारले. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 हरवलं. चौथा नंबर. भारतीय फुटबॉल ऑलिंपिकमध्ये याहून वर कधी चढलेलं नाही.

नेव्हिल मुंबईत टाटांच्या संघातून खेळायचा. जन्म आसगावचा, बार्देश तालुका, गोवा, सन 1932. आणि 1956 साली आसगाव भारतात नव्हतं.

ते साल नीट डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, 15 ऑगस्ट 1955 रोजी, बांद्याच्या पुढे पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज सैनिकांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तिथे छातीवर गोळी घेऊन पडला. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली, कॅसलरॉकवरून खाली उतरणारी रेल्वे बंद पडली. मुंबईतल्या गोवेकराला गावच्या फेस्ताला जायचं तर ते परदेशाला जाण्याइतकं अवघड होऊन बसलं. आणि अशा वेळी बार्देशात जन्मलेला एक पोरगा भारताची जर्सी घालून मेलबर्नमध्ये गोल मारत होता.

कायद्याच्या भाषेत हा तिढा आणखी गमतीचा आहे. 1951 साली सालाझारच्या सरकारने घटना बदलली आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. लिस्बनच्या हिशेबाने गोवा म्हणजे पोर्तुगालच, आणि तिथे जन्मलेला माणूस पोर्तुगालचा. इकडे आपल्या घटनेचं पाचवं कलम सांगतं की, 26 जानेवारी 1950 रोजी ज्याचा अधिवास भारतात आहे आणि त्याआधी किमान पाच वर्षं जो इथे राहत आला आहे तो भारताचा नागरिक, मग जन्म कुठला का असेना. म्हणजे धोबीतलावच्या एकाच खाटेवर झोपणाऱ्या माणसावर दोन सरकारं हक्क सांगू शकत होती. त्याला स्वतःला मात्र सकाळची पाळी गाठायची असायची.

खाट म्हटलं ती उगाच नाही. गिरगाव, धोबीतलाव, माझगाव या पट्ट्यात गोव्यातल्या एकेका गावाचे ‘कूड’ होते. काही आजही आहेत. एक मोठी खोली, भिंतीलगत ओळीने लावलेल्या ट्रंका, एका टोकाला आल्तार, संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून म्हणायची तेर्साची प्रार्थना. बोटीवर जाणारे तारवटी, हॉटेलांतले कुक, बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे, नोकरीच्या शोधात नुकते उतरलेले. बोटीवरचा माणूस दहा महिने बाहेर असला तरी त्याची ट्रंक जागची हलत नसे. लालबाग-परळच्या गिरण्यांतला चाकरमानी तरी वेगळं काय करत होता? त्याचीही गावकीची खोली होती, त्याच पत्र्याच्या ट्रंका होत्या, फक्त आल्ताराच्या जागी ग्रामदैवताचा फोटो. पाळी बदलली की एकाची वळकटी उठायची, दुसऱ्याची पसरायची. मालवणचा आणि बार्देशचा माणूस मुंबईत सारख्याच पद्धतीने राहिला. एकाचं गाव या देशात होतं, दुसऱ्याचं नव्हतं, एवढाच फरक.

शिवाजी पार्कला या गोष्टीची दुसरी बाजू ठाऊक आहे. याच मैदानाच्या काठावर, शंकर निवासमध्ये, सुधीर फडके राहायचे. 1954 साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवायला जी मंडळी शस्त्र घेऊन गेली, त्यांत फडके, म्हणजे सगळ्यांचे बाबूजी, होते. 2 ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. पुढे लिस्बनच्या तुरुंगात अडकून पडलेल्या मोहन रानड्यांच्या सुटकेसाठी त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. रानडे सुटले 1969 साली, गोवा मोकळा होऊन सात वर्षं उलटल्यावर. गोवा भारताचा आहे हे सिद्ध करायला पार्कवरचा गायक बंदूक घेऊन गेला, आणि आसगावच्या पोराने तेच न बोलता, मेलबर्नच्या गवतावर करून टाकलं. यात कुणाचं देशप्रेम मोठं, असली तुलना मी करणार नाही. नेव्हिलला देशासाठी काही सिद्ध करायचं होतं की त्याला फक्त गोल मारायचे होते? गोल मारणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा गोलच मारायचा असतो, असं आपलं मला वाटतं.

त्याच्याच मागून आला फोर्तुनातो फ्रँको. तोही बार्देशचाच, कोलवाळचा. मुंबईत वाढला, टाटांकडून खेळला. 1960च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय चमूत तो होता, तेव्हा कोलवाळवर पोर्तुगालचा झेंडा होता. 19 डिसेंबर 1961 रोजी तो झेंडा उतरला. 4 सप्टेंबर 1962 रोजी जाकार्तात एशियाडची फायनल झाली, भारताने दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्ण घेतलं, आणि मधल्या फळीत फ्रँको होता. दोन स्पर्धा, एकच खेळाडू, जर्सी तीच. बदललं ते त्याचं जन्मगाव.

आता ज्या कागदाकडे वाचकांचं लक्ष वेधायचं आहे तो याच दोन तारखांच्या मधला. मार्च 1962मध्ये केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीवच्या नागरिकत्वाचा आदेश काढला. त्यात म्हटलं होतं की 20 डिसेंबर 1961 पूर्वी जो स्वतः या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कुणी, किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही इथे जन्मलं, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. ज्याला हे नको असेल त्याने महिन्याच्या आत तसं लेखी कळवावं. आजी-आजोबांपैकी कुणीही! जगभरच्या फुटबॉलमध्ये ज्याला ‘आजीचा नियम’ म्हणून हिणवतात तो आपल्या गृहखात्याने 1962 साली पांढऱ्यावर काळं करून ठेवलेला आहे. पुढे त्याचा उल्लेख येईल.

गोवेकर तसा कुणाच्या झेंड्याला अडून राहिलेला माणूस नव्हेच. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं सुवर्ण घेतलं तेव्हा गोलात लिओ पिंटो होता. 1952 साली हेलसिंकीत जॅक ब्रिटो पाकिस्तानकडून हॉकी खेळत होता. केनियाच्या ऑलिंपिक हॉकी संघांत तर फर्नांडिस, डिसूझा, मेंडोन्सा अशी नावं एका ओळीत सापडतात. मोंबासात जन्मलेला सेराफिनो आंताव 1962च्या पर्थ राष्ट्रकुल स्पर्धेत केनियासाठी दोन सुवर्णपदकं धावला. पोट भरायला ज्या बंदरावर उतरले, तिथलीच जर्सी त्यांनी चढवली.

* * *

आता मालवणकडून डब्लिनला जाऊ. वाट सरळ आहे, मध्ये मुंबई लागते.

मालवण तालुक्यातल्या वराड गावचे वराडकर. त्या घराण्यातले अशोक वराडकर मुंबईत डॉक्टर झाले, 1960च्या दशकात इंग्लंडला गेले, तिथल्या इस्पितळात मिरियम हॉवेल या आयरिश नर्सशी त्यांचं जमलं, आणि पुढे दोघं डब्लिनला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ 1979 साली डब्लिनमध्ये जन्मला, स्वतःही डॉक्टर झाला आणि जून 2017मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान. डिसेंबर 2019मध्ये तो आईवडिलांना घेऊन वराडला आला, तेव्हा गावाने ढोलताशे लावून मिरवणूक काढली. मराठी पेपरांत मथळे काय आले ते सांगायला नको. ‘आपला लिओ’.

या आपल्या लिओच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड प्रश्न वाटणीचा होता. 1921 साली आयर्लंडचं बेट दुभंगलं. दक्षिणेचे 26 परगणे वेगळे झाले, उत्तरेचे 6 ब्रिटनकडे राहिले. ब्रेक्झिट ठरलं तेव्हा त्या दोहोंमध्ये पुन्हा नाकी बसणार, गाड्या थांबणार, कागद बघितले जाणार अशी भीती होती. तसं होऊ नये म्हणून हा वराडकर अडून बसला, आणि ऑक्टोबर 2019मध्ये लिव्हरपूलजवळ बोरिस जॉन्सनबरोबर झालेल्या भेटीनंतर मार्ग निघाला. पत्रादेवीच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या गावचा वंशज युरोपातली एक सीमा अदृश्य ठेवण्यासाठी भांडला, याची नोंद आपल्याकडे मिरवणुकीइतकी कुणी घेतली नाही.

त्या बेटावर खेळांचं काय झालं ते कोकणी माणसाला चटकन कळेल. भावाभावांची वाटणी होते तेव्हा पडवीत भिंत येते, चुली दोन होतात, विहिरीवर पाणी भरायच्या वेळा ठरतात. पण चवथीला गणपती एकच बसतो. ज्याच्या वाट्याला माजघर आलं त्याच्याकडे बसतो, आणि ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही तो भाऊही सोवळं नेसून आरतीला उभा राहतो. आयर्लंडमध्ये रग्बी आणि क्रिकेट हे असे एकत्र गणपती आहेत. बेलफास्टचा आणि डब्लिनचा खेळाडू एकाच संघात. राष्ट्रगीत कुणाचं म्हणायचं यावर भांडण नको म्हणून रग्बीवाल्यांनी 1995 साली चक्क नवं गाणं करून घेतलं. 2 मार्च 2011 रोजी बंगळुरूला केव्हिन ओब्रायनने 50 चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडला हरवलं, ते या अख्ख्या बेटाच्या संघाकडून.

फुटबॉलची चूल मात्र वेगळी झाली. बेलफास्टची संघटना 1880ची, डब्लिनची 1921ची, आणि कित्येक वर्षं दोन्ही आपापल्या संघाला नुसतं ‘आयर्लंड’ म्हणत राहिल्या. बेलफास्टवाले 1950पर्यंत दक्षिणेतलेही खेळाडू घ्यायचे. त्यामुळे 1950च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत चार खेळाडू दोन्ही आयर्लंडकडून खेळले. सरळ ‘कॉमन’. अखेर 1953 साली फिफाने दोघांना वेगवेगळी नावं लावून दिली.

खरी गुंतागुंत 1998च्या शांतता करारानंतर झाली. त्या कराराने उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला स्वतःला ब्रिटिश म्हणवायचा, आयरिश म्हणवायचा, किंवा दोन्ही म्हणवायचा हक्क दिला. मग तिथली कॅथलिक घरांतली पोरं लहानपणी बेलफास्टच्या संघाकडून शिकायची आणि मोठी झाली की डब्लिनची हिरवी जर्सी मागायची. बेलफास्टवाले चिडले. आम्ही खत घालायचं, आंबे त्यांनी काढायचे? डॅनियल कर्न्स नावाच्या पोराचं प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि सप्टेंबर 2010मध्ये लवादाने सांगितलं, जन्म उत्तरेचा असला तरी आयरिश नागरिक आहे, खेळू द्या. दोन वर्षांनी जेम्स मॅक्लिन त्याच वाटेने गेला. उत्तर आयर्लंडच्या 21 वर्षांखालील संघातून खेळलेला डेरीचा हा विंगर पुढे रिपब्लिककडून 103 सामने खेळला. डेरी म्हणजे जिथे 1972 साली ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या ते शहर. त्या शहरात वाढलेल्या मुलाला दुसऱ्या झेंड्याखाली उभं राहावंसं वाटलं, तर बेलफास्टच्या संघटनेचा प्रशिक्षणावरचा खर्च आणि मुलाचं मन यांत लवादाने मुलाची बाजू घेतली, हे मला बरोबर वाटतं.

डब्लिनचं वागणं मात्र सगळं असं हळवं नव्हतं. जॅक चार्ल्टन प्रशिक्षक असताना 1990 साली त्यांनी विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली, ती इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, आजी-आजोबा आयरिश असलेल्या खेळाडूंना गोळा करून. बेटावर जन्मलेल्या आजीचा दाखला आणा, पासपोर्ट घ्या, जर्सी घ्या. लोक हसले, पण कायद्यात बसत होतं. आणि ज्या देशातून शंभर वर्षं माणसं बोटी भरून पोटासाठी बाहेर गेली, त्याने त्यांच्या नातवंडांना परत बोलावलं तर हसण्यासारखं त्यात काय आहे, हेही कुणीतरी विचारायला हवं होतं.

* * *

कोकणातून, गोव्यातून, पंजाबातून बोटी भरून माणसं गेली ती आपलीही. आपण मात्र त्यांच्या नातवंडांसाठी दार लावून घेतलं आहे.

नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं जातं. त्यावर 2008च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा. त्याआधी अमेरिकन नागरिक असलेला प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस कप खेळला होता. ते बंद झालं. परदेशी झालेल्या भारतीयांना आपण ओसीआय कार्ड देतो. त्यावर शिवाजी पार्कसमोर फ्लॅट घेता येतो. शेतजमीन घेता येत नाही, मत देता येत नाही आणि निळी जर्सी घालता येत नाही. गोव्यात याला आणखी एक पीळ आहे. 1961 पूर्वी जन्मलेल्या गोवेकराची मुलं-नातवंडं लिस्बनला नोंद करून पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊ शकतात, आणि हजारोंनी घेतला आहे, इंग्लंडमधल्या गोदामांत काम मिळावं म्हणून. त्यांच्यातला एखादा पोरगा फुटबॉलमध्ये चमकला, तर त्या क्षणी तो भारतासाठी परदेशी.

या दारातून आत आलेला एक माणूस पुण्याने पाहिला आहे. अराता इझुमी. वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानमधल्या शिमोनोसेकीचा. पुणे एफसीकडून खेळता खेळता त्याने 2012 साली जपानी नागरिकत्व सोडलं, नीलकंठ खंबोलजा या नावाने भारतीय झाला आणि 2013 साली भारताकडून खेळला. जपानचा पासपोर्ट सोडून भारताचा घेणारा माणूस. विमानतळावर रांगेत उभं राहून पाहिलेल्या कुणालाही या सौद्याचा अर्थ कळेल.

आणि 2025 साली रायन विल्यम्स. पर्थमध्ये जन्मलेला, इंग्लंडमधल्या क्लबांतून खेळलेला, ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आणि आईचे वडील 1950च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईच्या संघाकडून खेळलेले. नेव्हिल डिसूझाने 1954 साली ज्या मुंबईला संतोष ट्रॉफी मिळवून दिली, तीच ही मुंबई. त्या आजोबांच्या नातवाला भारताकडून खेळायचं तर ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट परत करावा लागला, आणि त्याने केला.

त्याच वर्षी शेजारी काय झालं? 25 मार्चला शिलाँगमध्ये बांगलादेशकडून हमझा चौधुरी उतरला. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टरकडून खेळलेला, आई बांगलादेशी. बांगलादेश दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, त्यामुळे त्याला काही सोडावं लागलं नाही. सामना 0-0 सुटला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात त्यांनी आपल्याला 1-0 हरवलं. मधल्या काळात, 14 ऑक्टोबरला, मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरने आपल्याला 2-1 हरवून 2027च्या आशिया चषकाचा रस्ता बंद केला. तोही गोव्यात.

मग दार उघडावं का? इथे घाई नको. फिफाला नागरिकत्व लागतं आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे नुसता मंत्रालयाचा आदेश फिरवून फुटबॉलचं भागणार नाही. हात नागरिकत्वाच्या कायद्यालाच घालावा लागेल, आणि एका फुटबॉल संघासाठी कुणी तो बदलावा असं मीही म्हणणार नाही. पण 1962चा तो आदेश आपलाच आहे. जमीन मिळवली तेव्हा आजोबा चालले, आजी चालली. माणूस मिळवायचा आला की फक्त पासपोर्ट चालतो. आणि दुसरीकडे लिओ वराडकर आयर्लंडचा पासपोर्ट घेऊन वराडला आला की तो ‘आपला’. बाहेर गेलेला जिंकला तर आपला, परत यायला निघाला तर परका, हा हिशेब मला पटत नाही.

* * *

हे सगळं फुटबॉलचं झालं. शिवाजी पार्कला शेवटी क्रिकेटचंच कळतं, आणि क्रिकेटमध्ये हा प्रश्न पार्कने घरात बसून पाहिलेला आहे.

पद्माकर शिवलकर. शिवाजी पार्क जिमखान्याचा डावखुरा फिरकी गोलंदाज, मुंबईच्या कित्येक रणजी विजयांचा कर्ता. प्रथम श्रेणीचे 124 सामने, 589 बळी. जन्म इथला, कागद इथले, पात्रतेत काडीची खोट नाही. भारताकडून कसोटी सामने: शून्य. त्या काळात डावखुऱ्या फिरकीच्या खुर्चीवर बिशनसिंग बेदी बसले होते, ते उठले नाहीत. मार्च 2025मध्ये शिवलकर गेले. पार्कवर जन्म काढलेल्या माणसांचा आजही ‘पॅडी’ म्हटलं की आवाज घोगरा झालेला मी ऐकला आहे.

शिवलकरांनी ज्यांना फिरकी शिकवली त्यांत हरमीत सिंग होता. तोही डावखुरा. 2012चा 19 वर्षांखालील विश्वचषक भारताने जिंकला त्या संघात त्याची गोलंदाजी बघून इयन चॅपलसारखा माणूस त्याला थेट वरच्या संघात घ्या म्हणाला होता. घेतलं नाही. मुंबईच्या संघातली जागाही टिकली नाही. तो अमेरिकेला गेला, आयसीसीच्या नियमाची तीन वर्षं राहिला, आणि मे 2024मध्ये ह्यूस्टनजवळ बांगलादेशविरुद्ध 13 चेंडूंत नाबाद 33 करून अमेरिकेला जिंकवलं. त्याच संघात सौरभ नेत्रावळकर. 2010 साली भारताच्या 19 वर्षांखालील संघाचा, 2013 साली मुंबईकडून रणजी खेळलेला, मग कॉर्नेलला शिकायला गेलेला, ओरॅकलमध्ये नोकरी करणारा. 12 जून 2024 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं आणि मग रोहित शर्मालाही. त्या दिवशी दादरच्या घराघरांत टीव्हीसमोर काय झालं हे आठवून पाहा. विकेट पडली म्हणून हळहळ, आणि हळहळताना तोंडातून निघालेलं ‘‘आपल्या सौरभने काढला रे!’’ तोच गोंधळ डिसेंबर 2021मध्ये वानखेडेवर झाला होता. मुंबईत जन्मून आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेलेल्या एजाझ पटेलने एका डावात भारताचे दहाच्या दहा बळी घेतले, 119 धावांत. लेकर आणि कुंबळेनंतर तिसराच. स्टेडियम उभं राहिलं. त्याच दिवशी त्याच्या नव्या देशाचा डाव 62 धावांत आटोपला, तेही लोकांनी तितक्याच आनंदाने पाहिलं.

फाळणीनंतर अब्दुल हफीझ कारदार, अमीर इलाही आणि गुल मोहम्मद हे तिघे दोन्ही देशांकडून कसोटी खेळले. त्यांना कुणी विचारलं नसेल का, तू नक्की कुणाकडून? उत्तर प्रत्येक वेळी एकच असावं, जो संघात घेईल त्याच्याकडून. जर्सी बदलणाऱ्या माणसाचं मन तपासत बसण्यात आपण फार वेळ घालवतो. त्याला आधी कुणी खेळवलं नाही, याचा पत्ता शोधत नाही. शिवलकरांना कुठे जायची सोय नव्हती म्हणून ते राहिले. हरमीतला होती, तो गेला. यात निष्ठेचा भाग थोडा आणि नशिबाचा जास्त.

पार्कच्या गेट नंबर पाचपाशी क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांचं स्मारक आहे, 3 डिसेंबर 2024ला उघडलेलं. आचरेकर सरही मूळचे मालवणचे. त्यांनी घडवलेल्या पोरांनी भारतासाठी केलेल्या धावा मोजायच्या म्हटल्या तर दिवस पुरणार नाही. क्रिकेटचं असं स्मारक इथे शोभतंच. पण त्या संध्याकाळी चिखलातला खेळ संपेपर्यंत मी बसून होतो आणि मनात येत होतं की नेव्हिल डिसूझा कोण, हे त्या अकरा पोरांपैकी एकालाही कुणी सांगितलेलं नसणार. पोर्तुगालच्या जर्सीतल्या कॉमनने दोन गोल केले, एक इकडे, एक तिकडे. अंधार पडला, चपला शोधल्या, पाणीपुरीवरून वाद झाला, मंडळी पांगली.

वांद्र्याला नेव्हिल डिसूझाच्या नावाचं फुटबॉल मैदान आहे. मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगचे सामने तिथे होतात. दादरहून स्लो गाडीने तिसरं स्टेशन. पोरांना घेऊन एकदा जा.